बोटाखालची ओळ

आई,

उद्या सकाळी मला विहारात एक कागद वाचून दाखवायचा आहे. नव्या घरांचा कागद. दोन पानं आहेत, हिंदीत, आणि दुसऱ्या पानावर अटी आहेत. गेल्या आठवड्यापासून तो माझ्याकडे आहे आणि मी तो इतक्यांदा वाचला आहे की न बघताही म्हणून दाखवीन. तरी आज दुपारपासून टेबलाशी बसलो आहे आणि तो उघडायचं मन होत नाही. तुझी सून दोनदा डोकावून गेली. शेवटी म्हणाली, "एवढा काय अभ्यास करून राहिले? पेपर हाय का उद्या?" मी म्हटलं, तसंच समज. चहा ठेवून ती गेली. मग मी कागद बाजूला सारला आणि ठरवलं, आधी तुला लिहावं. तू होतीस तेव्हा तुला पत्र असं मी कधी लिहिलंच नाही. रीव्याला बदली होती ती तीन वर्षं मी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर कार्ड टाकत असे आणि तो तुला वाचून दाखवत असे. त्यामुळे त्यात 'मी बरा आहे, तू तब्येत सांभाळ' याच्यापलीकडे काही नसायचं. शिंप्यासमोर आणखी काय लिहिणार.

जबलपूरच्या रेल्वे लाइनीपलीकडची आपली खोली मला अजून मापासकट आठवते. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली म्हणूनही असेल. नऊ फूट बाय दहा, मागे मोरी, आणि पुढे ओटा. ओटा म्हणजे काय, फरशीचे चार तुकडे आणि वर पत्रा. पण आपलं घर त्या ओट्यावरच चालायचं. सकाळचं पाणी भरून झालं की तू उंबऱ्याशी पाठ टेकून बसतेस, पाय लांब केलेले, मांडीवर सूप. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली तेंदूची पानं. पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असतात, ती आत थंडाव्याला ठेवावी लागतात. तू मात्र उजेडात बसतेस, कारण बीडी कंपनीचा सट्टेदार संध्याकाळी माल घ्यायला आला की अंधारात वळलेली बीडी एका नजरेत ओळखतो आणि बाजूला फेकतो. ऊन सरकतं तशी तू सरकतेस. समोरच्या ओट्यावर शेजारची मावशी, तिच्याही मांडीवर सूप. मध्ये चार हातांची गल्ली. दोघींचे हात थांबत नाहीत आणि तोंडंही नाहीत. मी दाराआड अभ्यास करत असतो. मावशी म्हणते, "तुहं पोरगं पुस्तकातून डोकं काढत नाही, याले बायको कोण देईल वं?" तू वर न बघता म्हणतेस, "तूच देशील. तुह्या घरी दोन हायेत, तिसरी येऊन राहिली." बाबा गेल्यावर आपण दोघं त्या ओट्यावरच जगलो. माझी फी, माझी कंपासपेटी, पॉलिटेक्निकचा टी-स्क्वेअर, सगळं त्या सुपातून आलं. हे मी कधी बोललो नाही. तुलाही ते बोललेलं आवडलं नसतं.

आणि विजेच्या खांबावर नोटीस लागली तो दिवस. मी सातवीत होतो. सकाळी दोन माणसं आली, खांबावर कागद चिकटवला आणि सायकलवर बसून गेली. सगळी गल्ली जमली, पण वाचणार कोण? पुरुष कामावर गेलेले. कोणीतरी म्हणालं, याले वाचू द्या. मी पुढे झालो. हिंदी मला शाळेत होतीच. तू म्हणायचीस, राजधानी नागपूरला होती तोवर सरकार आपल्या बोलीत बोलायचं, भोपाळला गेल्यापासून त्याचे कागद कळत नाहीत. खरं तर तुला तेव्हाचेही कळत नसणार. कागदावर लिहिलं होतं, सात दिवसांत जागा खाली करा. मी 'सात' पर्यंत आलो आणि समोर मावशी उभी होती, पोटावर हात ठेवून, दिवस भरत आलेले. माझ्या तोंडून निघालं, एक महिना. बायका हुश्श करून आपापल्या ओट्यांवर गेल्या. तू गेली नाहीस. घरात आल्यावर विचारलंस, "काय लिहून होतं?" मी म्हटलं, सांगितलं ना. तू म्हणालीस, "तू मधात थांबला होता." तुला अक्षर येत नव्हतं, पण माझं थांबणं वाचता येत होतं. मी खरं सांगितलं. तू मारलं नाहीस. हाताला धरून परत खांबापाशी नेलंस, सगळ्यांना हाका मारून बोलावलंस आणि मला पुन्हा वाचायला लावलंस. मग सगळ्यांसमोर म्हणालीस, "जेवढं लिहून हाय तेवढंच वाचाचं. कमी नाही अन् जास्त नाही. आमाले वाचता येत नाही म्हणून तू वाचतं. तुह्या मनचं आयकाले आमी इथं उभ्या नाही."

त्या सात दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या सुपं घेऊन नोटीस काढणाऱ्या साहेबाच्या ऑफिसात गेलात. नारा नाही, झेंडा नाही. व्हरांड्यात रांगेने बसलात आणि बीड्या वळायला लागलात. शिपाई म्हणाला, "इधर क्या लगा रखा है?" मावशी म्हणाली, "घर तो तुम ले रहे हो, तो काम इधर ही करेंगे." दोन दिवस तुम्ही तशाच बसलात. साहेबाच्या खोलीत तंबाखूचा वास जाऊन त्याला शिंका येत होत्या, हे तू पुढे कितीतरी वर्षं हसत सांगत असायचीस. बसण्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने तुम्हाला बोलावून सांगितलं, घरी जा, आता कोणी उठवत नाही. एक महिना समजून तुम्ही घरी बसला असतात तर आठव्या दिवशी गल्ली नसती. हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

विजय नगरचं घर मिळालं तेव्हा तू साठीला आली नव्हतीस. सोडतीच्या चिठ्ठीत माझं नाव निघालं, हप्ते बांधून मिळाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास आत, पुढे छोटं अंगण. तू गृहप्रवेशाला पाहुण्यासारखी आलीस, सगळ्या नळांच्या तोट्या फिरवून पाहिल्यास आणि म्हणालीस, "बाप्पा, पाणी तं आपोआप येते." दुसऱ्या दिवशी सकाळी तू अंगणाच्या पायरीवर सूप घेऊन बसलीस. मावशीच्या घरून पान-तंबाखू आणून ठेवली होतीस, मला न सांगता. शेजारी बँकेतले एक गृहस्थ होते. रविवार होता, ते पेपर घेऊन बाहेर आले, जरा वेळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "भाई साहब, ये बीड़ी की बास कहाँ से आ रही है?" ते चांगले होते. त्यांनी पुढे आपल्या अडीअडचणीला खूप मदत केली. पण त्या वेळी मी आत निघून गेलो. संध्याकाळी मी कपाटातून घराचा कागद काढला, तुझ्याशेजारी बसलो, दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि तुला नियम वाचून दाखवला, की कॉलनीत बीडी बनवायला मनाई आहे. तू माझ्या बोटाकडे बघत होतीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "लिहून हाय का? मंग काय करतं." सूप जुन्या लुगड्यात बांधून तू माळ्यावर ठेवायला दिलंस. कात्री आणि पान कापायचं पत्र्याचं माप तेवढं तुझ्या ट्रंकेत ठेवलंस.

त्यानंतर तू आठ वर्षं होतीस. नातीला शाळेत सोडायचीस, भाजी निवडायचीस, दूधवाल्याशी भांडायचीस. पण दुपारी तुझ्या बोटांना काही काम नसे आणि ती पदराच्या टोकाची सुरळी करत राहायची, घट्ट, बीडीएवढी, मग उलगडायची आणि पुन्हा करायची. दर बुधवारी तू टेम्पोने वस्तीत जायचीस. विहारात वंदना आहे म्हणायचीस, मावशीला बरं नाही म्हणायचीस. परत आलीस की साडीला तंबाखूचा वास असे. मी समजायचो, मावशीच्या ओट्यावर बसून लागला असेल.

आता अलीकडचं सांगतो. मी रिटायर झालो त्या वर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस दार वाजलं. मावशीची धाकटी, नोटिशीच्या वेळी पोटात होती ती. आता तिला नातवंडं आहेत. मावशी गेल्यावर गल्लीचं सगळं तीच बघते. बसली, पाणी प्यायली, पिशवीतून कागद काढला. "भैया, पढ़ के बताओ. वहाँ का बाबू इतना जल्दी पढ़ा कि कुछ समझ में नहीं आया." वस्ती उठवून सगळ्यांना शहराबाहेर चार मजली इमारतींत पक्की घरं देणार, असा तो कागद होता. सरकारची योजना, बहुतेक पैसा सरकारचा, थोडा हप्ता राहणाऱ्याचा. मी वाचत गेलो. दुसऱ्या पानावर अटी होत्या. त्यांतली एक वाचताना मी थांबलो. ती म्हणाली, "रुक क्यों गए?" मी वाचलं. घराचा उपयोग केवळ राहण्यासाठी करता येईल, त्यात कोणताही धंदा किंवा उद्योग करता येणार नाही, केल्यास घर परत घेतलं जाईल.

तिने पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाली, "मतलब बीड़ी नहीं." मी म्हटलं, नाही, पापड नाही, शिलाईही नाही. ती म्हणाली, "तो किस्त क्या खिड़की से झाँक के भरेंगे?" एवढ्यात सगळं आलं. हप्ता बीडीतून जायचा होता आणि घरात बीडीला बंदी. स्वस्त घर स्वस्त कोणासाठी, हे त्या कागदाने विचारलंच नव्हतं. ज्याचं काम घराबाहेर आहे त्याला ते घर परवडलं असतं. आपल्या गल्लीत अर्ध्या घरांचं काम घरातच आहे. मी तिला म्हटलं, मी अर्ज लिहून देतो. ती म्हणाली, "अर्जी तो कोई भी लिख देगा. आप चलोगे क्या?" मला लोकांत बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. नोकरीत तीस वर्षं मी मिटिंगांमध्ये नकाशाची सुरळी धरून मागे उभा राहिलो. पण मी हो म्हटलं.

पहिलं भांडण साहेबांशी झालंच नाही, ते विहाराच्या ओसरीवर आपल्याच लोकांशी झालं. पुरुष म्हणाले, पक्कं घर मिळून राहिलं तर तुम्ही ओट्यासाठी काहून अडून राहिले? एक जण, फॅक्टरीतून रिटायर झालेला, म्हणाला, "भाऊ, तुमचं विजय नगरात झालं. आता आमचं होऊ द्या ना." मावशीची मुलगी म्हणाली, "घर चाहिए, किसने ना बोला? पर ऐसा घर कि उसमें रह भी सकें." चार आठवडे आम्ही दर रविवारी बसलो. मी माझी जुनी टेप घेऊन घराघरांत गेलो आणि बाया कशा बसतात ते मोजलं. सूप मांडीवर, पाय लांब, उजव्या हाताला कात्री, डाव्या हाताला पानांचं ओलं गोणपाट, मागे टेकायला भिंत. कोणाला किती जागा लागते, उजेड कुठून येतो, पाणी किती दूर आहे. म्हाताऱ्या हसायच्या. "हमको नापने आए हैं, कफ़न सिलना है क्या भैया?" मी म्हणायचो, घर शिवायचं आहे. माप जवळपास सगळ्यांचं सारखंच निघालं. साडेतीन फूट बाय अडीच. टेप न लावताही मी ते सांगू शकलो असतो. सात वर्षांचा होतो तेव्हापासून त्या मापाच्या कडेला बसून मी शिकलो.

त्या मापावरून मी नकाशा काढला. चार मजल्यांऐवजी तळमजला आणि वर दोन मजले, वस्तीच्याच मागच्या मोकळ्या जागेत, प्रत्येक घरापुढे उजेडाच्या बाजूला रुंद सज्जा, आणि समोरासमोर, म्हणजे बोलता येईल. इथल्या ऑफिसातल्या इंजिनिअरने तो नीट पाहिला. म्हणाला, "बन सकता है, दादा. लेकिन शर्त भोपाल से आती है, हमारे हाथ में नहीं." म्हणून आम्ही भोपाळला गेलो. सकाळच्या गाडीने, मी, मावशीची मुलगी आणि आणखी दोघी. मी फाइल घेतली होती. तिची पिशवी माझ्या फाइलपेक्षा मोठी होती. मला वाटलं डबा असेल.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, ऐकून घेणाऱ्या. पण त्यांनी तेच सांगितलं. "देखिए, यह आवासीय योजना है. शर्त सब ज़िलों के लिए एक है. किसी एक को छूट दी तो कल कोई चक्की लगा लेगा." मी सुरुवात केली, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. मावशीची मुलगी म्हणाली, "मैडम, एक बात पूछूँ? आप फ़ाइल घर ले जाती हो?" मॅडम म्हणाल्या, कधीकधी. "रोटी सेंक के, बच्चे को सुला के, बैठ के पढ़ती हो?" मॅडम म्हणाल्या, हो, पढ़ती हूँ. "तो आपका घर दफ़्तर हो गया क्या?" त्या हसल्या. मग विचारलं, "अच्छा, कितनी जगह लगती है आपको?" मी नकाशा उलगडायला लागलो. ती म्हणाली, "भैया, वो बाद में." तिने चप्पल काढली, शिपायाला म्हणाली, बेटा, कुर्सी ज़रा खिसका, आणि मॅडमच्या टेबलासमोर जमिनीवर बसली. पिशवीतून सूप काढलं. पानं ओल्या फडक्यात आणली होती, पत्र्याचं माप, कात्री, तंबाखूची पुडी, दोरा. आणि वळायला लागली. मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या आणि वाकून बघायला लागल्या. मी टेप लावली. त्यांनी विचारलं, "बस, इतनी ही?" ती वर न बघता म्हणाली, "इतनी ही. और उजाला."

त्या दिवशी काही झालं नाही. मॅडमनी फाइलवर लिहून वर पाठवलं, वरून शंका काढून खाली आली, आणि तोवर मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, त्यांच्यासमोरही ती जमिनीवर बसली. त्यांना शिंका आल्या. पण ते पुढचं. पहिल्या वेळी परत येताना गाडीत ती माझ्या समोर बसली होती. इटारसी गेल्यावर तिने डबा उघडला, मला पोळी दिली आणि सहज म्हणाली, "आपकी अम्मा का ही सूप है ये." मी बघतच राहिलो. माळ्यावर ठेवलेलं सूप मी त्यानंतर कधी बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "एक बुधवार को ले आई थीं. फिर हमारे ओटले पे ही रहता था. हर बुधवार को हमारी माँ के साथ बैठती थीं, दोपहर भर. घुटने बैठ गए तब तक." मग ती मराठीत बोलायला लागली, जशी तुझी गोष्ट सांगताना नेहमी बोलते, मोडकीतोडकी. "माय म्हणे, काहून वं, तुह्या घरी एवढं मोठं आंगण हाय, तिथं बस ना. तं अम्मा म्हणे, नाही, कॉलनीत कायदा हाय. माय म्हणे, असा कसा कायदा? तुह्या पोरानं बनवला असन. तं अम्मा रागावली. म्हणे, माहा पोरगा कागद वाचते तं जेवढं लिहून हाय तेवढंच वाचते. त्याले लहानपणीच शिकवलं मी." आणि ती हसली. मी पोळी हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिलो. जबलपूर येईपर्यंत ती पोळी संपली नाही. तिला वाटलं मी दमलो.

त्यानंतर मी एकही खेप चुकवली नाही. लोक विचारतात, या वयात एवढी धावपळ कशासाठी, आपलं घर तर आहे. मी सांगतो, नकाशा माझा आहे, मलाच समजावता येतो. तेही खरंच आहे. पाच वेळा भोपाळ झालं. बोलायलाही शिकलो थोडं. शेवटच्या बैठकीत मी सलग दहा मिनिटं बोललो आणि पाणी मागितलं नाही. साहेब म्हणाले, आपल्याला नेमकं काय हवं ते एका ओळीत लिहून द्या. मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, एक ओळ लिहून दिली. ती ओळ सात महिने फिरली. दोन शब्द बदलून परत आली आणि आपल्या वस्तीच्या कागदात बसली. सज्जा नकाशात मागितला होता त्यापेक्षा अर्धा फूट कमी मिळाला आहे. मजले तीनच आहेत, जागा तीच आहे, लाइनीपलीकडची. घर बाईच्या नावावर आहे. तळमजला म्हाताऱ्यांना. फॅक्टरीतून रिटायर झालेले ते गृहस्थ आता सगळ्यांना सांगतात की ओट्याचं त्यांनी आधीच म्हटलं होतं.

पण ही ओळ फक्त आपल्या वस्तीपुरती आहे. बाकी सगळ्या प्रदेशात जुनी अट तशीच आहे. सागर आणि दमोहच्या बाया दोनदा येऊन गेल्या, त्यांच्याकडेही तशीच घरं येत आहेत. म्हणून राज्याच्या नियमातच ही ओळ घालावी असा अर्ज आम्ही केला आहे आणि पुढच्या महिन्यात त्याची सुनावणी आहे. या वेळी तीन गावांतून बाया येणार आहेत, प्रत्येकीचं सूप बरोबर. साहेबाची खोली पुरणार नाही, मग व्हरांडा आहेच. नाही म्हणाले तर पुन्हा जाऊ. मला गुडघ्यांचं औषध चालू आहे, बाकी तब्येत ठीक आहे.

मघाशी मावशीच्या मुलीचा फोन येऊन गेला. "भैया, चश्मा भूलना मत. और ज़ोर से पढ़ना, पीछे वाली बुढ़ियों को कम सुनाई देता है." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "सबको बोल दिया है, भैया ही पढ़ेंगे. इनका पढ़ा पक्का रहता है." मी फोन ठेवला. मग कपाट उघडून दुसरा कागद काढला. आता दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी आहेत. हे पत्र टाकायला जागा नाही. शिंप्याच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात, आणि तो असता तरी हे त्याच्याकडून वाचून घ्यावं असं मला वाटलं नसतं. घराच्या कागदांच्या फाइलमध्येच ठेवीन. पण उद्या वस्तीत तोंड उघडायच्या आधी दोन्ही ओळी मला तुझ्यासमोर वाचायच्या आहेत, बोट ठेवून, जशा आहेत तशा.

पहिली उद्याच्या कागदातली, सातवी अट. "घर में बैठकर हाथ से किया जाने वाला काम आवासीय उपयोग ही माना जाएगा."

दुसरी आपल्या विजय नगरच्या कागदातली. त्या संध्याकाळी माझं बोट होतं ती, वरून चौथी. आई, तीत बीडीचं नाव नाही. दोन्ही पानांवर कुठेच नाही, मी आज पुन्हा पाहिलं. तिथे लिहिलं आहे, "छत का पानी पड़ोसी की दीवार पर नहीं छोड़ा जाएगा."

एवढंच लिहून आहे.